दिवसा गोष्ट सांगू नये

सध्या कोण काय वाचतंय, हे मला दर शनिवारी फोनपुढे उभं राहून सांगावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मी स्वतः सध्या काहीच वाचत नाही. उशाशी एक पुस्तक आहे. त्यात खुणेला एसटीचं जुनं तिकीट ठेवलंय आणि ते तिकीट पावसाळ्यापासून जागचं हललेलं नाही. जेवणं उरकून चष्मा लावते, पुस्तक उघडते, अर्धं पान होतं न होतं तोच डोळे मिटतात. सकाळी नवरा न बोलता चष्म्याची काडी सरळ करून देतो. हे सगळं फोनला कसं सांगणार?

मी राहते जव्हारला आणि माझी शाळा मोखाड्याच्या पलीकडे एका पाड्यावर आहे. सकाळची जीप माणसांनी भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली की आत हात हलवायला जागा उरत नाही. शाळा चौथीपर्यंतची, शिक्षक दोन. दुसरे गुरुजी खानदेशातले. बदलीचा अर्ज टाकून बसलेत, मनाने केव्हाच गावी पोचलेत, नुसतं शरीर हजेरीला येतं. मला त्यांचा राग येत नाही. माझंही फारसं वेगळं नाही, फक्त मला जायला दुसरं गाव नाही. खिचडीचा फोटो, हात धुतल्याचा फोटो, लावलेल्या झाडाचा फोटो, झाड वाळलं तर दुसऱ्या झाडाचा फोटो. शिकवायचं राहून गेलं तर कुणी विचारत नाही, फोटो राहिला तर दुपारच्या आत फोन येतो.

पूर्वी अशी नव्हते. लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा रविवारी पुस्तक घेऊन गावाबाहेरच्या शिरपामाळावर जाऊन बसायचे. आता तिथे पाहुण्यांची गर्दी असते आणि माझ्याकडे रविवार नसतो. रविवारी मी धुणं धुते आणि सोमवारची चिंता करते.

अशात दिवाळीनंतर ती पुस्तकांची पेटी आली. ठाण्याच्या एका संस्थेने दिलेली, पत्र्याची, हिरव्या रंगाची. सोबत माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची एक मुलगी आली होती. मला 'मॅम' म्हणत होती, पाड्यावरच्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होती. मुलगी गुणाची, त्यात वाद नाही. पेटी नुसत्या मुलांसाठी नव्हती, मोठ्यांसाठीही होती. अट एकच. दर शनिवारी पाड्यावरच्या कुणीतरी फोनपुढे उभं राहून सध्या आपण कोणतं पुस्तक वाचतोय आणि त्यात काय चाललंय ते सांगायचं. मी ते चित्रण टेकडीवर जाऊन, जिथे टॉवर मिळतो तिथून, त्यांच्या ग्रुपवर टाकायचं. ज्या पाड्यावरून महिनाभर काही आलं नाही तिथली पेटी उचलून पुढच्या पाड्याला द्यायची. "वरून विचारतात मॅम," ती म्हणाली. मी मान हलवली. वरून विचारणं मला नवं नव्हतं.

पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी वडाखाली फोन घेऊन उभी राहिले. माणसं जमली. पुस्तकं बऱ्याच जणांनी नेली होती. कुणी स्वतः चाळली होती, कुणी पोरांकडून वाचून घेतली होती. पण बोलायला कुणी पुढे येईना. मला वाटलं लाजताहेत. मग पाड्यावरचा सगळ्यांत म्हातारा माणूस, ज्याचा शब्द तिथे चालतो, तो पारावरूनच म्हणाला, "बाई, तू शिकेल हाय, तुला कसा म्हाईत नाय? दिवसाची गोष्ट सांगाची नाय. मामा वाट चुकतो."

मला हसू आलं. ही म्हण माझी आईही म्हणायची. दुपारी गोष्ट सांग म्हणून मागे लागलं की आई म्हणायची, दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. आम्हाला ती कामातून सुटायची पळवाट वाटायची, आणि होतीही. पण इथे कुणी हसत नव्हतं. पाड्यातली निम्मी माणसं दिवाळी झाली की बाहेर पडतात. कुणी भिवंडीकडे वीटभट्टीवर, कुणी वसईला, कुणी गुजरातेत वापीला. म्हणजे प्रत्येक घरातल्या पोरांचा मामा खरोखरच कुठेतरी वाटेवर असतो. आमच्या आईची पळवाट इथे कामाची गोष्ट होती.

मी तरी मास्तरीण. मी अंधश्रद्धेवर एक छोटं भाषण दिलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि भाषण संपल्यावर सगळे आपापल्या घरी गेले.

शाळेत खिचडी शिजवणारी बाई तेवढी मागे थांबली. तिच्यासाठी ही पेटी म्हणजे काय होतं ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं. सातवीला आश्रमशाळा सुटली, मग लग्न, मग दोन पोरं, मग नवऱ्याचं जाणं. इतक्या वर्षांत तिच्या हाती छापलेलं काही आलं ते तांदळाच्या गोणीवरचं. आणि आता तिने पेटीतलं सगळ्यांत जाड पुस्तक उचललं होतं. घाटात चहाची टपरी चालवणाऱ्या एका बाईची कादंबरी, मोठ्या माणसांची, बारीक टायपाची. भांडी घासून झाली की ती चुलीशी बसून ओठ हलवत वाचायची. एखादं पान दोनदा वाचायची. मी विचारलं, "दुसरं लहान घेतेस का गं?" तर म्हणाली, "नाय. हीच सरू दे."

इथल्या बोलीत अहो-जाहो फारसं नाही. ती मला बाई म्हणते आणि तू म्हणते, आणि ते मला फार बरं वाटतं.

"तू तरी बोल," मी तिला म्हणाले. "एवढं वाचतेस."

"माझे पोरांचा मामा येयाचा हाय," ती म्हणाली. "शिमग्याला येल. मी नाय बोलाची."

तिचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर तिनेच वाढवलेला. ती शाळेत गेली तेव्हा तो लहान होता, आणि तो शाळेत जायच्या वयाचा झाला तेव्हा घरची गुरं राखायला कुणीतरी हवं होतं. त्याला अक्षर येत नाही. आधी भट्टीवर गेला, मग तिथून कुणाच्या तरी सोबतीने वापीला, कुठल्याशा कंपनीत. सुरुवातीला फोन यायचा. मग नंबर लागेनासा झाला. गेल्या शिमग्याला आला नव्हता. आमच्या भागात माणूस कुठेही असो, शिमग्याला येतो. दिवाळी चुकेल, शिमगा चुकत नाही. ती म्हणायची, "त्याला पाटी वाचता येत नाय. कोणची गाडी कुठं जातं, काय कळतं त्याला? चुकला असंल." गाडीची पाटी न वाचता येणारा माणूस वाट चुकू शकतो. त्याला माझ्या अंधश्रद्धेच्या भाषणात उत्तर नव्हतं.

महिना संपत आला. मी वैतागून म्हाताऱ्याकडे गेले. म्हटलं, "बाबा, आता तूच सांग काय करायचं. पेटी जाईल."

त्याने विड्या ओढत बराच विचार केला. मग मला विचारलं, "तुला मामा हाय का?"

नव्हता. माझी आई एकुलती एक. मला भाऊही नाही, त्यामुळे माझ्या मुलींनाही मामा नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की वर्गातली मुलं मामाच्या गावाला जायची आणि मी घरी पापड राखत बसायचे. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "मंग झाला तं," तो म्हणाला. "तूच सांग सगळ्यांचा. तुझा कोण चुकल?"

आयुष्यभर जी गोष्ट मला खटकली, ती पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडली.

पण अजून घोडं अडलंच होतं. मी सांगायचं, तर मला आधी कुणीतरी सांगायला हवं. तेही दिवसाच, कारण परतीची शेवटची जीप उजेडातच निघते. त्यावरही म्हाताऱ्याने तोड काढली. शाळेच्या स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नाही. गॅसचं सिलिंडर संपलं की महिनोन्‌महिने येत नाही, म्हणून तिथे चूलच पेटते आणि भिंती काळ्याकुट्ट आहेत. दार लावलं की आत रात्र. "तिथं उन्हाला काय दिसतं?" तो म्हणाला. तिथेच फोन धरू का, असं मी विचारलं. धरूनही पाहिला. नुसता अंधार आणि त्यात कुणाचा तरी खोकला. ठाण्याच्या मुलीने कळवलं की मॅम, चेहरा दिसत नाही. फोनचा टॉर्च लावून बघितला तर म्हाताऱ्याने दारातूनच निकाल दिला, की टॉर्च लागला म्हंजे दिवस झाला.

असा तो रिवाज सुरू झाला. शनिवारी खिचडी वाढून झाली की मी स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यायचे. एकेक जण आत यायचा, आपलं पुस्तक सांगायचा आणि डोळे पुसत बाहेर पडायचा. एकजण शेळ्यांच्या रोगांचं पुस्तक वाचत होता, त्याला त्यातली निम्मी औषधं पटत नव्हती. एका म्हातारीला नातवाने राजाची गोष्ट वाचून दाखवली होती. तिने राजाला बाजूला सारून राणीचंच सांगितलं. सगळ्यांत शेवटी खिचडीवाली. ती चुलीत लाकूड सारत सांगायची. टपरीवाली बाई अशी, तिच्याकडे थांबणारे ट्रकवाले तसे, त्यातला एक रोज उधारीवर चहा पितो आणि रोज तिच्या मुलीची चौकशी करतो. "ती साखर लय टाकतं," ती म्हणायची. "असा करून धंदा चालंल का? पुस्तक लिवनाऱ्यानं कधी चहा केला नसंल."

मला ते तास आवडायला लागले, हे कबूल करते. कपड्यांना धुराचा वास यायचा, जीपमध्ये शेजारची बाई नाक मुरडायची. पण आठवड्यातली ती एकच वेळ अशी होती, की मी कुणाला काही शिकवत नव्हते, भरून देत नव्हते, फोटो काढत नव्हते. मी भिंतीला टेकून बसायचे आणि मला गोष्ट कळायची. मग बाहेर येऊन उन्हात डोळे बारीक करून फोनपुढे उभी राहायचे आणि सगळ्यांच्या पुस्तकांचं सांगायचे. पोरं लांब कुंपणाशी उभी राहून बघायची, दोन्ही कानांत बोटं घालून. माझ्या मामाची भीती नव्हती, पण ऐकणाऱ्यांच्या मामांचं काय? म्हाताऱ्याने तेही सांगून ठेवलं होतं. खिचडीवालीची दोन पोरं तर सगळ्यांच्या मागे, पाठ करून उभी असायची. धाकटी एवढीशी, तिची बोटं कानांत नीट बसत नसत, म्हणून थोरला आपल्या हातांनी तिचे कान दाबून धरायचा आणि स्वतः गुणगुणत राहायचा.

होळी जवळ आली तेव्हा ठाण्याची मुलगी पुन्हा आली. फार अवघडली होती. म्हणाली, "मॅम, तुम्ही खूप छान सांगता, पण दर वेळी तुम्हीच दिसता. वरच्यांचं म्हणणं आहे की गावातलं कुणी वाचतच नसावं. शिमग्यानंतरच्या शनिवारी गावातल्या कुणीतरी स्वतः बोलायला हवं. नाहीतर पेटी दुसरीकडे द्यावी लागेल." मी तिला मामाचं सांगितलं. तिने डोळे मोठे करून ऐकलं आणि म्हणाली, "किती गोड." मला त्या 'गोड'चा इतका थकवा आला की मी पुढे वादच घातला नाही.

खिचडीवालीला सांगितलं. पुस्तक अजून निम्म्याहून जास्त राहिलं होतं. तिने ते पदराने पुसलं.

"नेतील?"

"नेतील."

"हीसुदा?"

"पेटीतलंच आहे ना ते."

ती भांडी आवरायला लागली. मी त्या दिवशी दमलेली होते, डोकं दुखत होतं, आणि माझा तोल गेला. म्हटलं, "अगं, तुझा भाऊ वापीला आहे. तू इथे उन्हात चार शब्द बोललीस तर तिकडे त्याचं काय बिघडणार? एवढं मोठं पुस्तक वाचतेस आणि हे कळत नाही?"

तिने शांतपणे भाताचं पातेलं उचललं. "पुस्तक जाईल तं जाईल," ती म्हणाली. "भाऊ जायाचा नाय."

जीपमध्ये बसल्यावर मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. पण खरं सांगते, त्याहून जास्त मला झोप आली होती.

शिमगा झाला. पाडा भरून गेला होता. भट्टीवरून, बांधकामांवरून माणसं आली. हिंदीतले शब्द, नवे शर्ट, नवे फोन घेऊन आली. सुट्टीनंतर मी गेले तेव्हा होळीची राख अजून तशीच होती. भाऊ आला का, असं मी तिला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. तिने खिचडी शिजवली, वाढली, भांडी घासली, आणि पुस्तक घेऊन बसली नाही.

शनिवारी शाळा सुटली. मी ठरवलं होतं की यावेळी काही पाठवायचं नाही. नेऊ देत पेटी. एक काम कमी होईल, सुंठेवाचून खोकला जाईल. स्वयंपाकाच्या खोलीकडे निघाले, तर ती दारातच उभी होती. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले, हातात ते पुस्तक.

"आत नको," ती म्हणाली. "फोन काढ. मी बोलन."

ऊन रणरणत होतं. वडाची पानं गळून गेली होती, सावलीसुद्धा धड नव्हती. मी म्हटलं, "अगं, दिवस आहे."

"हाय तं हाय."

"आणि मामा?"

ती म्हणाली, "शिमग्याला आले त्यातला एकजण त्याला भेटला. वापीला खोली घेतलीया त्यानं. बायको हाय, पोर हाय. माझा फोन नंबर बी हाय त्याच्यापाशी. याला म्हनाला, मी भेटलो म्हून सांगू नको." तिने पुस्तकाचं पान उघडलं, खुणेची काडी काढून केसांत खोवली. "वाट चुकला नाय तो, बाई. त्याला वाट म्हाईत हाय."

मी फोन धरला. पारावर म्हातारा बसला होता. तो काहीतरी बोलेल, निदान हटकेल असं वाटलं. त्याने विडी विझवली आणि मान खाली घातली. त्याला आधीच कळलं होतं, बहुतेक सगळ्या पाड्यालाच कळलं होतं. मीच एकटी जीपने येणारी.

"थांब," ती मला म्हणाली, आणि कुंपणाकडे वळून तिने हाक मारली.

बाकीची पोरं नेहमीसारखी लांब उभी होती, कानांत बोटं घालून. त्यांचे मामा अजून येणार होते, जाणार होते, त्यांना वाटा होत्या. तिची दोघं तेवढी पुढे आली. थोरल्याने सवयीने धाकटीच्या कानांवर हात ठेवले होते. आईने ते हात हलकेच काढून खाली केले, दोघांना माझ्या पायाशी उन्हात बसवलं, आणि ती सांगू लागली.